शेवट कोणाच्या हाती? अमेरिकी आणि परदेशी करमणुकीचा दर्जा

अमेरिकेतील लोकप्रिय करमणूक उथळ असते आणि युरोपातील किंवा जपान-कोरियातील करमणूक अधिक कसदार असते, हे मत सुशिक्षित वर्गात गेली कित्येक दशके प्रचलित आहे. उलट, जगभरचे प्रेक्षक ज्या अर्थी अमेरिकी चित्रपट आणि मालिका आवडीने पाहतात त्या अर्थी त्यांचा दर्जा वरचाच असला पाहिजे, असे मानणाराही मोठा वर्ग आहे. ही दोन्ही मते एकाच गृहीतकावर उभी आहेत: दर्जा हा एखाद्या देशातील लोकांच्या अंगभूत अभिरुचीतून किंवा प्रतिभेतून येतो, असे दोन्हीकडे धरून चाललेले असते. प्रत्यक्षात एखादी कथा किती लांबवायची आणि ती कुठे संपवायची हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर तिचा दर्जा पुष्कळ अंशी अवलंबून असतो, आणि तो अधिकार कोणाकडे जाईल हे पैसा कोणत्या वाटेने येतो त्यावर ठरते. येथे दर्जा हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे. पात्रांचे स्वभाव सोयीसाठी बदलले जाऊ नयेत, कथेने उभा केलेला प्रश्न टाळला जाऊ नये आणि सांगण्यासारखे संपल्यावर कथा थांबावी, एवढ्या तीन अपेक्षा त्यात गृहीत आहेत. तपासणीसाठी दूरचित्रवाणी मालिका हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे, कारण तेथे एकच कथा दोन देशांत दोनदा रचली गेल्याची उदाहरणे मुबलक सापडतात.

तुलनेला हात घालण्यापूर्वी एक अडचण दूर केली पाहिजे. एका देशाची करमणूक दुसऱ्या देशात पोचते ती चाळणीतून गाळून, आणि ही चाळणी सर्व दिशांना सारख्याच भोकांची नसते. अमेरिकी प्रेक्षकाला ब्रिटनमधील ज्या मालिका दिसत आल्या त्या अमेरिकेतील सार्वजनिक वाहिनीने निवडून घेतलेल्या, बहुतेक उत्तमच होत्या. ब्रिटनमध्ये रोज दुपारी दाखवले जाणारे सामान्य कार्यक्रम त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. अमेरिकेतून मात्र चांगले-वाईट सारेच बाहेर गेले. यामागचे कारण अर्थशास्त्रीय आहे. कॉलिन हॉस्किन्स आणि रोल्फ मायरस या अभ्यासकांनी 1988 मध्ये 'सांस्कृतिक वजावट' ही संकल्पना मांडली. परक्या देशातील कार्यक्रमाची भाषा, विनोद आणि चालीरीती प्रेक्षकाला ओळखीच्या नसल्यामुळे त्या कार्यक्रमाचे त्याच्या दृष्टीने असलेले मूल्य जितके घटते, ती ही वजावट. ती सर्वच निर्यातदारांना सोसावी लागते. परंतु ज्याची घरची बाजारपेठ प्रचंड आहे त्याचा निर्मितीखर्च घरीच भरून निघतो, मग तो आपला माल परदेशात अगदी स्वस्तात देऊ शकतो, आणि स्थानिक निर्मात्याला त्या किमतीशी स्पर्धा करता येत नाही. त्यामुळे अमेरिकी करमणुकीचा जगभरचा प्रसार हा तिच्या दर्जाचा पुरावा ठरत नाही, आणि परदेशी करमणुकीची अमेरिकेतील थोडकी पण उत्तम हजेरी हा त्या त्या देशाच्या सरासरी दर्जाचा पुरावा ठरत नाही.

हा व्यवहार दूरचित्रवाणीच्या आधीपासून चालत आला आहे. ब्रिटिश सरकारने 1927 मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिनेमॅटोग्राफ समिती नेमली, तेव्हा साम्राज्यात तयार होणाऱ्या चित्रपटांना अमेरिकी चित्रपटांविरुद्ध संरक्षण द्यावे, हा तिच्या नेमणुकीमागील एक प्रमुख हेतू होता. भारतात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी सुमारे 80 टक्के चित्रपट त्या वेळी अमेरिकी होते. ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत देण्याची कल्पना समितीने फेटाळली आणि देशी निर्मात्यांना साहाय्य करण्याच्या बाजूने कौल दिला, हे तिच्या स्वतंत्र बुद्धीचे लक्षण म्हणावे लागेल.

अमेरिकी दूरचित्रवाणीची मूळ घडण जाहिरातींवर झाली. वाहिनी प्रेक्षकांचे लक्ष जमवते आणि ते जाहिरातदाराला विकते, असा हा व्यवसाय आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात कथेच्या वाट्याला सुमारे 22 मिनिटे येतात आणि प्रत्येक जाहिरातीपूर्वी प्रेक्षकाला अडकवून ठेवणारे एखादे वळण लेखकाला आणावे लागते. याच्या जोडीला 1950च्या दशकात आणखी एक गोष्ट घडली. 1951 मध्ये सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका तिच्या निर्मात्यांनी, म्हणजे लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्याने, थेट प्रक्षेपित न करता प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली. फिल्म टिकते, आणि टिकणारी वस्तू पुन्हा विकता येते. स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना जुन्या मालिकांचे हक्क विकण्याच्या या पद्धतीला 'सिंडिकेशन' म्हणतात. ही केंद्रे सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवत असल्यामुळे त्यांना भागांचा मोठा साठा लागे, म्हणून सुमारे 100 भाग हा विक्रीचा उंबरठा मानला जाऊ लागला. वाहिनीकडून मिळणारी रक्कम निर्मितीखर्चापेक्षा कमी असे आणि निर्माता तो तोटा सोसून 100 भागांची वाट पाहत बसे. वर्षाला 22 ते 24 भाग या हिशेबाने त्याला चार-पाच वर्षे तग धरावा लागे.

या आकड्याचे कथेवर होणारे परिणाम दूरवर जातात. ज्या मालिकेला 100 भाग गाठायचे आहेत तिला मध्यवर्ती प्रश्न सोडवता येत नाही, नायकाला मूलतः बदलता येत नाही आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस परिस्थिती पूर्वपदावर आणावी लागते, कारण स्थानिक केंद्र हे भाग कोणत्याही क्रमाने दाखवू शकते. केंद्रीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी मे 1961 मध्ये प्रसारकांच्या परिषदेत अमेरिकी दूरचित्रवाणीला अफाट ओसाड प्रदेशाची उपमा दिली, तेव्हा त्यांचा रोख या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या एकसुरी मालावर होता. मराठी वाहिन्यांवरील दैनंदिन मालिका ज्या कारणासाठी संपता संपत नाहीत, तेच कारण येथेही आहे: चालणारी मालिका थांबवणे म्हणजे चालू उत्पन्नावर पाणी सोडणे.

ब्रिटनमध्ये पैशाची वाट निराळी होती. बीबीसी ही संस्था 1922 मध्ये कंपनी म्हणून सुरू झाली, 1927 मध्ये राजसनदेखाली सार्वजनिक महामंडळ बनली, आणि तिचा खर्च प्रत्येक संच-धारक कुटुंबाकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून चालला. जाहिराती घेणारी आयटीव्ही ही वाहिनी 1955 मध्ये आली, तरी बीबीसीवर सिंडिकेशनच्या हिशेबाने भाग जमवण्याची सक्ती कधीच नव्हती. त्यामुळे सहा भागांची मालिका एक-दोन लेखकांनी लिहावी आणि सांगण्यासारखे उरले नाही की ती थांबवावी, हा तेथे प्रघात पडला. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांची 'फॉल्टी टॉवर्स' 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा, अशा अवघ्या 12 भागांत संपली. पाहुण्यांचा तिरस्कार करणाऱ्या उद्धट हॉटेलमालकाची ही कथा अमेरिकेत रुजवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि फसले. 1983 च्या 'अमांडाज्' या मालिकेत तर तो हॉटेलमालकच वगळण्यात आला होता. असा अप्रिय मनुष्य दर आठवड्याला वर्षानुवर्षे घरात कोण येऊ देईल, ही भीती त्यामागे असावी, आणि जाहिरातदाराच्या बाजूने पाहिले तर ती अनाठायी नव्हती.

या दोन पद्धतींमधील फरक 'द ऑफिस' या मालिकेच्या दोन आवृत्त्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची ब्रिटिश मालिका 2001 ते 2003 या काळात सहा-सहा भागांची दोन पर्वे आणि दोन भागांचा नाताळ विशेष एवढ्यावर पूर्ण झाली. कागद विकणाऱ्या कंपनीच्या एका शाखेचा प्रमुख डेव्हिड ब्रेंट स्वतःला विनोदी आणि लोकप्रिय समजतो. हाताखालच्या माणसांना तो नकोसा झालेला आहे, आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस त्याची नोकरी जाते. आत्मवंचनेची किंमत कधीतरी मोजावी लागते, हे सत्य या कथेला टाळता येत नाही. एनबीसी वाहिनीवर 2005 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी आवृत्तीचा पहिला भाग मूळ संहितेच्या जवळपास शब्दाबरहुकूम होता; परंतु दुसऱ्या पर्वापासून निर्माते ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकांनी मायकेल स्कॉट या शाखाप्रमुखाला मवाळ केले, त्याला विक्रीचे कौशल्य दिले, एकटेपणा दिला आणि सहकाऱ्यांची अधूनमधून माया दिली. मालिका नऊ पर्वे आणि 201 भाग चालली. मायकेलची भूमिका करणारे स्टीव्ह कॅरेल 2011 मध्ये बाहेर पडल्यावरही ती आणखी दोन पर्वे सुरू ठेवण्यात आली, आणि त्या भागांतील थकवा उघड आहे.

अमेरिकी आवृत्तीने मूळ कलाकृती बिघडवली, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र अन्यायाचे होईल. दुसऱ्या ते पाचव्या पर्वापर्यंतची ही मालिका स्वतंत्रपणे उत्तम आहे. डझनभर दुय्यम पात्रांना स्वतःचा स्वभाव, स्वतःचे घर आणि स्वतःचा इतिहास मिळाला, हे 14 भागांत शक्य नव्हते. अमेरिकी पद्धतीत आठ-दहा लेखक एका खोलीत बसून महिनोन् महिने कथा बांधतात. त्यांच्या प्रमुखाला, म्हणजे लेखन आणि निर्मिती या दोन्हींची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला, 'शोरनर' म्हणतात. या सामूहिक कारागिरीमुळे तेथील मधल्या प्रतीची मालिकासुद्धा रचनेने घट्ट असते, संवाद चपळ असतात आणि एकही दृश्य हेतूविना येत नाही. ब्रिटनमध्ये मधल्या प्रतीची मालिका पुष्कळदा विस्कळीत असते, कारण एकट्या लेखकाला सावरणारे दुसरे कोणी नसते. सरासरीची तुलना केली तर अमेरिकेचे पारडे जड ठरते. तिचा कमकुवतपणा शेवटाशी आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो: अमेरिकी प्रेक्षकालाच सुखान्त हवा असतो, मग दोष पद्धतीचा कसा? या आक्षेपाचे उत्तर एका असामान्य उदाहरणात मिळते. डच दिग्दर्शक जॉर्ज स्लायझर यांनी 1988 मध्ये 'स्पोरलोस' हा चित्रपट केला. प्रवासात एका पेट्रोल पंपावरून बेपत्ता झालेल्या प्रेयसीचे काय झाले, हे जाणून घेण्याच्या ध्यासाने तिचा प्रियकर अखेर गुन्हेगाराची अट मान्य करतो, आणि त्याला उत्तर मिळते ते स्वतः जिवंत पुरला गेल्यावर. जाणून घेण्याची अनिवार इच्छा माणसाला कुठवर नेऊ शकते, हा या चित्रपटाचा गाभा आहे आणि शेवट हाच त्या प्रश्नाचा निर्णय आहे. पाच वर्षांनी, 1993 मध्ये, याच स्लायझर यांनी हॉलीवूडसाठी 'द व्हॅनिशिंग' या नावाने हीच कथा पुन्हा चित्रित केली, तेव्हा नायकाची सुटका होते, गुन्हेगार मारला जातो आणि मूळ प्रश्न वाऱ्यावर सोडला जातो. कथा तीच, दिग्दर्शक तोच, कौशल्यही तेच होते. बदलली ती व्यवस्था, जी कोट्यवधी डॉलर गुंतवताना प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर पडण्याचा धोका पत्करत नाही. दुसरा चित्रपट आज कोणी पाहत असेल तर तो पहिल्याशी ताडून पाहण्यासाठीच. अमेरिकी प्रेक्षकाला मूळ शेवट पेलला नसता असे म्हणण्यास आधार नाही, कारण तो प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गापर्यंत कधी नेलाच गेला नाही.

उपशीर्षके वाचायची नाहीत म्हणून परकी कलाकृती कापायची किंवा नव्याने रचायची, ही सवय अमेरिकी वितरकांत जुनी आहे. 1954 चा जपानी 'गोझिला' हा अणुबाँबच्या आठवणींतून आलेला गंभीर चित्रपट दोन वर्षांनी अमेरिकेत लागला, तो रेमंड बर या हॉलीवूडमधील नटाची दृश्ये मध्ये घुसडून. हायाओ मियाझाकी यांच्या 1984 च्या 'नाउशिका' या ॲनिमेशनपटाची सुमारे 22 मिनिटे कापून तो लहान मुलांसाठीचे साहसचित्र म्हणून विकण्यात आला. ज्या प्रेक्षकाला परदेशी कामाचे असे तुकडेच दाखवले गेले, त्याच्या अभिरुचीविषयी निवाडा देण्याचा अधिकार त्या वितरकांना तरी नाही.

पैशाची वाट बदलली की अमेरिकी दर्जाही बदलतो, याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतच आहे. 1972 मध्ये सुरू झालेली एचबीओ ही वाहिनी जाहिराती घेत नाही. वर्गणीदार तिला दरमहा पैसे देतो. अशा वाहिनीला प्रत्येक कार्यक्रम प्रत्येकाला आवडण्याची गरज नसते, वर्गणी चालू ठेवावीशी वाटेल असे काहीतरी प्रत्येकाला मिळाले की पुरते. 1999 मध्ये आलेल्या डेव्हिड चेस यांच्या 'द सोप्रानोज्' या मालिकेचा नायक खुनी आहे आणि अखेरपर्यंत सुधारत नाही. 2002 ते 2008 या काळातील डेव्हिड सायमन यांच्या 'द वायर'ने बाल्टिमोर शहरातील पोलीस, बंदर, शाळा, महापालिका आणि वृत्तपत्र या संस्था कशा पोखरल्या गेल्या हे 60 भागांत मांडले. ज्या देशाने जाहिरातींच्या वाहिन्यांवर चार दशके नायक मवाळ केले, त्याच देशातील लेखकांनी ही कामे केली. लेखककक्षाची कारागिरी आणि शेवटावरील लेखकाचा अधिकार या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या, आणि त्या एकत्र आल्या की अमेरिकी मालिका जगात कोणाहून कमी ठरत नाही.

नेमका हाच संयोग डेन्मार्कने ओळखला, ही या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना आहे. सुमारे 60 लाख लोकवस्तीच्या या देशातील डीआर ही सार्वजनिक वाहिनी तेव्हा परवाना शुल्कावर चालत होती, आणि तिच्या मालिका 1990च्या दशकात निस्तेज झाल्या होत्या. तेव्हा तिच्या नाट्यविभागातील मंडळी अमेरिकेत गेली, 'एनवायपीडी ब्लू'सारख्या पोलीसमालिकांचे काम कसे चालते हे त्यांनी पाहिले, आणि लेखककक्षाची पद्धत घरी आणली. तिच्यासोबत त्यांनी दोन नियम स्वतःचे घातले. पहिला, मालिकेची दृष्टी एकाच व्यक्तीची असावी आणि ती व्यक्ती लेखक असावी. दुसरा, वरच्या कथेखाली समाजाविषयी नैतिक प्रश्न विचारणारी दुसरी कथा असावी. 2007 मधील सोरेन स्वाईस्त्रुप यांची 'फोरब्रिडेल्सन' ही मालिका एका मुलीच्या खुनाचा तपास 20 भागांत, प्रत्येक भागात एक दिवस याप्रमाणे सांगते, आणि मृत मुलीच्या आईवडिलांच्या दुःखाला तपासाइतकीच जागा देते. अमेरिकी पोलीसमालिकेत प्रेत दिसल्यावर कुटुंब दोन दृश्यांत नाहीसे होते. येथे ते 20 दिवस स्वयंपाकघरात बसून राहते. बीबीसीने 2011 मध्ये ती उपशीर्षकांसह मूळ डॅनिश भाषेत दाखवली आणि ब्रिटिश प्रेक्षकांनी तिचे स्वागत केले.

त्याच वर्षी अमेरिकेत एएमसी वाहिनीने 'द किलिंग' या नावाने तिची आवृत्ती काढली. सिएटलचा पाऊस, अभिनय आणि छायाचित्रण यांत ती मूळ मालिकेच्या बरोबरीची होती, परंतु 13 भागांचे पहिले पर्व खुनी कोण हे न सांगताच संपले आणि प्रेक्षक खवळले. उत्तर 2012 मध्ये दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस मिळाले, तोवर पुष्कळांनी मालिका सोडली होती. एएमसी जाहिराती घेणारी वाहिनी आहे, हे येथे विसरता येत नाही. पुढच्या वर्षासाठी प्रेक्षक राखून ठेवण्याच्या गणितापुढे कथेचा स्वाभाविक विराम बाजूला पडला.

सार्वजनिक पैसा हाच एकमेव उपाय आहे, असेही नाही. फ्रान्सने 1946 मध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केले आणि पुढे प्रत्येक तिकिटावर कर बसवला. तो आज 10.72 टक्के आहे. अमेरिकी चित्रपटाच्या तिकिटावरही तो लागत असल्याने हॉलीवूडच्या लोकप्रियतेतूनच फ्रेंच चित्रपटांना निधी मिळतो. या व्यवस्थेने फ्रान्सचे वैविध्य टिकवले, हे खरे असले तरी निधी मिळतो म्हणून तयार झालेले निर्जीव चित्रपटही तेथे कमी नाहीत.

दक्षिण कोरियाने बाजार आणि संरक्षण यांची सांगड घातली. चित्रपटगृहांनी वर्षातून 146 दिवस देशी चित्रपट दाखवावेत, हा नियम तेथे होता. अमेरिकेशी मुक्त व्यापाराची बोलणी सुरू होताना, 2006 मध्ये, तो 73 दिवसांवर आणण्यात आला आणि चित्रपटव्यवसायातील लोक रस्त्यावर उतरले. तोवर तेथील दिग्दर्शकांची एक समर्थ पिढी उभी राहिली होती. मालिकांच्या बाबतीत कोरियाची परंपरा बहुधा एकाच लेखकाची, 16 ते 20 भागांची आणि एकाच पर्वात संपणारी होती. 2002 ची 'विंटर सोनाटा' 20 भागांत संपली आणि नंतर जपानमध्येही अफाट गाजली. या पद्धतीलाही दोष होते, कारण चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम काही दिवस आधी होत असे आणि शेवटच्या भागांत ती घाई दिसत असे. तरीही शेवट ठरलेला असे, आणि तो लेखकाचा असे.

ह्वांग डोंग-ह्यॉक यांच्या 'स्क्विड गेम' या मालिकेची कल्पना सुमारे दहा वर्षे कोरियातील निर्मात्यांनी नाकारली होती. नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीने ती स्वीकारली आणि सप्टेंबर 2021 मध्ये नऊ भाग जगभर दाखवले. अमेरिकी पैशाने येथे दर्जाची सेवाच केली, हे मान्य केले पाहिजे. मात्र मालिकेचे हक्क नेटफ्लिक्सकडे राहिले, आणि यशानंतर कंपनीकडून वेगळा बोनस मिळाला नाही, मूळ करारातील रक्कमच मिळाली, असे ह्वांग यांनी मुलाखतीत सांगितले. नऊ भागांत पुरी झालेली ही कथा त्यानंतर दुसऱ्या पर्वात डिसेंबर 2024 मध्ये आणि तिसऱ्या पर्वात जून 2025 मध्ये लांबवण्यात आली, आणि पुढची दोन पर्वे पहिल्याच्या तोलाची नाहीत. नेटफ्लिक्सने 2023 मध्ये कोरियात चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली आहे. कोरियन भाषेतील आणि कोरियन कलावंतांच्या अनेक मोठ्या मालिका किती पर्वे चालाव्यात, हा निर्णय आता कॅलिफोर्नियात मुख्यालय असलेल्या कंपनीच्या हाती आहे.